चष्म्याच्या दुकानातलं ग्रीक

माझी वहिनी पन्नाशीला टेकली तेव्हा विद्यापीठात जायला लागली. शिकायचं काय ठरवलं, तर ग्रीक आणि लॅटिन. आमच्या घरात असलं काही कुणी केलेलं नव्हतं. एका काकांनी निवृत्तीनंतर पोहणं शिकायचं मनावर घेतलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी ते सर्दी घेऊन घरी आले आणि विषय मिटला. वहिनीचंही तसंच होईल असं आम्हाला वाटलं होतं. ते तसं झालं नाही, म्हणून ही हकीकत सांगते आहे.

माझ्या दादाचं चष्म्याचं दुकान. खाली दुकान, पहिल्या मजल्यावर दादा-वहिनी आणि त्यांची लेक, त्यावर मी. मी टेलिफोन ऑपरेटर होते. नोकरी संपली तेव्हा माझे कान दमले होते आणि तोंड रिकामं होतं, त्यामुळे वरचेवर दुकानात येऊन बसायची. दादा आतल्या बाजूला काचा घासायचा. चाक फिरायचं, त्यावर पाण्याची बारीक धार पडायची आणि काचेची कड फ्रेमच्या मापाला येईपर्यंत तो मान वर करायचा नाही. फ्रेम चेहऱ्यावर बसवायचं काम वहिनीचं. काडी गरम करून कानामागे किती वाकवायची, नाकावरची पॅडं किती दाबायची, हे तिला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघूनच कळे. "तुमचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे," असं ती लोकांना इतक्या गोडीनं सांगायची की लोक आभार मानून जात.

एक दिवस दुकानात एक उंच, खांदे पडलेले गृहस्थ आले. कोटाचा एक खिसा पुस्तकाच्या आकाराचा झाला होता, रिकामा असतानाही तो तसाच राहत असणार. हे विद्यापीठात प्राचीन भाषा शिकवणारे सर. दादानं त्यांच्यापुढे वाचायचा तक्ता धरला. सरांनी खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"मग अडचण काय आहे?" दादानं विचारलं.

"अडचण ही आहे," असं म्हणून सरांनी खिशातून एक छोटं, जाडजूड पुस्तक काढलं आणि वहिनीच्या हातात दिलं. "या शब्दावर काय दिसतं तुम्हाला?"

वहिनीनं पुस्तक दिव्याखाली धरलं. "अक्षरं काही ओळखीची नाहीत. पण पहिल्या अक्षराच्या डोक्यावर काहीतरी बसलंय. माशीचा पाय असावा तसं."

"तो माशीचा पाय कुठल्या बाजूला वळलाय?"

"उजवीकडे उघडा आहे. चंद्रकोरीसारखा."

"मग तो शब्द होरोस. होरोस म्हणजे शीव, हद्द. तोच पाय उलट्या बाजूला वळला असता तर झालं असतं ओरोस, म्हणजे डोंगर. एका बाजूला वळला तर आधी 'ह' म्हणायचा आणि दुसऱ्या बाजूला वळला तर काहीच म्हणायचं नाही. हल्ली मला ही वळणंच दिसत नाहीत. काल वर्गात मी एका माणसाला शिवेऐवजी डोंगरावर नेऊन बसवलं."

वहिनी विचारात पडली. "काहीच म्हणायचं नाही, तर त्याला खूण कशाला हवी?"

सरांनी पुस्तक मिटलं. "हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांना पडत नाही," ते म्हणाले. "एखादी गोष्ट नाही, हेही कधीकधी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर वाचणारा ती विसरली असं समजतो."

दादानं पुन्हा मापं घेतली. त्या छोट्या पुस्तकाचं डोळ्यांपासूनचं अंतर मोजलं आणि त्या अंतराला लागेल अशी काच घासून दिली. सर चष्मा न्यायला आले तेव्हा वहिनीनं काड्या बसवल्या, एक पाऊल मागे सरून बघितलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे शिकायला काय लागतं हो?"

"चिकाटी."

"आणि वय?"

"भाषा अडीच हजार वर्षांची आहे, बाई. तिच्यापुढे तुम्ही कालच्या," सर म्हणाले.

जेवताना वहिनीनं हे सांगितलं तेव्हा पहिला भडका लेकीचा उडाला. आम्ही तिला ठमी म्हणतो. ती त्याच विद्यापीठात औषधशास्त्र शिकत होती. "आई, तुला शिकायचंच असेल तर शीक, पण कॅन्टीनमध्ये मला ओळख दाखवू नकोस. मैत्रिणींसमोर 'डबा संपवलास का' असं विचारलंस तर मी विद्यापीठ बदलीन."

"मी तुला ग्रीकमध्ये विचारीन. कुणाला कळणार नाही," वहिनी म्हणाली.

मी माझं शहाणपण पाजळलं. म्हटलं, "वहिनी, याचा उपयोग काय?"

उत्तर दादानं दिलं. तो तसा कमी बोलायचा. "मी इतके चष्मे करतो," तो म्हणाला, "त्यातून लोक काय बघतात हे मी कधी विचारतो का?" आणि पुढचा घास घेतला. विद्यापीठातले तास दुपारचे होते, त्या वेळी गल्ल्यावर मी बसेन असं ठरलं. माझं रिकामं तोंडही कामाला लागलं.

विद्यापीठात त्या विभागाला एकच खोली होती, तिसऱ्या मजल्याच्या टोकाला. खिडकीखाली सायकली लावायची जागा, भिंतीला लाकडी कपाट आणि कपाटावर प्लॅस्टरचं एक नाक तुटलेलं डोकं. ते कोणा सम्राटाचं होतं. सगळे त्याच्या डोक्यावर टोप्या ठेवत. वर्गात वहिनी धरून चौघं. एक गंभीर मुलगा, पुढे धर्मगुरू व्हायचं ठरवलेला. एक वकिलीचं शिक्षण अर्धवट टाकून आलेला लंबू. आणि एक मुलगी, जिला पुरातन वस्त्यांचं खोदकाम करायचं होतं आणि जिच्या नखांत आत्तापासूनच माती असायची. वहिनीला ते आधी 'मॅडम' म्हणत, मग 'मावशी' म्हणू लागले. महिनाभरात तिघांचेही चष्मे सरळ झाले.

लॅटिन तिला पहिल्यापासून आवडलं. "वन्सं, यांचं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं," ती मला म्हणाली. "कोण, कुणाला, कशानं, कुठे, हे सगळं आधी सांगून टाकतात आणि काय केलं ते सगळ्यात शेवटी. अगदी आपल्यासारखं. वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याला उठता येत नाही." विभक्तीही ओळखीच्या निघाल्या. शाळेत याच प्रथमा-द्वितीयेपायी तिनं हातावर छड्या खाल्ल्या होत्या, म्हणून त्या परत भेटल्याचा तिला आनंद झाला की राग आला हे तिलाच कळेना.

ग्रीकनं मात्र तिला रडवलं. माशीचे पाय सगळ्या वर्गात तिलाच सगळ्यात स्पष्ट दिसत, पण क्रियापदं डोक्यात टिकेनात. पाठांतर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पहिल्या परीक्षेत ती सपशेल नापास झाली. दुकानात येऊन तिनं पर्स ठेवली, फडकं घेतलं आणि काउंटरमधल्या सगळ्या फ्रेमा एकेक काढून पुसायला लागली.

"नापास झाले, वन्सं," ती म्हणाली. "या वयात एक बरं असतं. ओरडायला कुणी नाही." आणि मग तिचे डोळे भरून आले. त्या फ्रेमा आधीच स्वच्छ होत्या.

आतून चाकाचा आवाज थांबला. दादा पाण्याचे हात पुसत बाहेर आला. "काय राहत नाही डोक्यात?"

"सगळंच. पहिलं क्रियापदसुद्धा. लुओ, म्हणजे मी सोडवतो. गाठ सोडवतो, दावणीचा बैल सोडवतो, कैदी सोडवतो. सगळी दुनिया याच क्रियापदापासून शिकायला सुरुवात करते आणि मी तिथेच अडकलेय."

"म्हण बघू."

"लुओ, लुएइस, लुएइ, लुओमेन... पुढचं गळतं."

"आत येऊन बस," दादा म्हणाला. "चाकाबरोबर म्हण. मी ऐकतो."

तेव्हापासून ती रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आत जाऊन बसू लागली. चाक फिरायचं, दादा काचेची कड टेकवायचा आणि ती त्या घरघरीच्या ठेक्यावर म्हणायची: लुओ, लुएइस, लुएइ, लुओमेन, लुएते, लुऊसी. अर्थ दादाला ठाऊक नव्हता आणि त्यानं तो विचारलाही नाही. त्याला फक्त चाल कळायची. ती चुकली की तो मान वर न करता म्हणायचा, "एक गळलं." कधीकधी गळलेला शब्द तोच घालायचा आणि काम चालू ठेवायचा. मी जिना उतरताना दोघांचे आवाज यायचे. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत कसलं तरी यंत्र आहे आणि ते बोलतंय.

दुसऱ्या परीक्षेत वहिनी पास झाली. काठावर झाली, पण झाली. सरांनी तिच्या पेपरावर फक्त एवढंच लिहिलं होतं, 'खुणा निर्दोष.' तो पेपर तिनं कुणालाही दाखवला नाही. मला दिसला कारण ती तो परत परत बघत होती.

असं दीड-दोन वर्षं छान चाललं. मग एका सकाळी दादाच्या हातून काच पडली.

त्याच्या हातून काच कधी पडत नसे. वहिनी आत धावली तर तो खुर्चीतच होता, चाक फिरत होतं, पाणी वाहत होतं आणि त्याचा उजवा हात मांडीवर असा पडला होता की जणू दुसऱ्या कुणी तो तिथे ठेवून दिलाय. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. तोंडातून नुसताच 'त, त' असा आवाज येत होता.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे जीव वाचला. पायात हळूहळू बळ येईल, हाताचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वाचा मात्र गेली होती. त्याला सगळं कळत होतं. 'पाणी हवं का?' म्हटलं की मान हलवायचा, पेल्याकडे बोट दाखवायचा, पण 'पाणी' हा शब्द त्याला सापडायचा नाही. तो तोंड उघडायचा, शोधायचा आणि मग भिंतीकडे तोंड करायचा. मला ते बघवत नसे. आयुष्यभर मी लोकांच्या तारा जोडून दिल्या, आणि इथे माझ्या भावाची तार कुठे तुटली हे मला सापडत नव्हतं.

वाचेचे उपचार करणाऱ्या एक बाई रोज सकाळी यायच्या. तरुण, हसतमुख आणि चिवट. त्यांनी त्याच्याबरोबर आकडे म्हणून बघितले, वार म्हणून बघितले, लहानपणीचं एक गाणं मी म्हणून दाखवलं. दादा आमच्या ओठांकडे टक लावून बघायचा आणि शेवटी 'त' म्हणायचा.

विद्यापीठ वहिनीनं सोडलंच होतं. सरांना तिनं फोनवर सांगितलं, "माझं शिक्षण संपलं." दुकान मी आणि ठमी मिळून कसंबसं उघडं ठेवत होतो. तयार झालेले चष्मे द्यायचे, नवीन काम घ्यायचं नाही. वहिनी दिवसभर दवाखान्यात.

एक दुपार होती. मी डबा घेऊन गेले होते. वहिनी खाटेशेजारी धुतलेले टॉवेल घड्या करत होती आणि सवयीनं स्वतःशी पुटपुटत होती. आपण काय म्हणतोय याकडे तिचं लक्ष नव्हतं. "लुओ, लुएइस, लुएइ, लुओमेन..." टॉवेलचं टोक सुटलं म्हणून ती थांबली.

"लुएते," दादा म्हणाला.

वहिनीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत होतो आणि तो आमच्यापेक्षा जास्त दचकलेला दिसत होता.

"काय म्हणालात?" वहिनीनं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा शोधाशोध, पुन्हा 'त'. तेव्हा वहिनी खाटेच्या कडेवर बसली, तिनं खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटानं ठेका धरला आणि हळू म्हटलं, "लुओ..."

"लुएइस," दादा म्हणाला. "लुएइ. लुओमेन. लुएते. लुऊसी." स्वच्छ, एकही न गळता. आणि मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. आम्हीही रडलो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांनी घंटी वाजवून नर्सला बोलावलं. त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालं.

वाचेच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी चकित झाल्या, मग खूश झाल्या. "घोकून घोकून बसलेल्या गोष्टी कधीकधी वेगळ्या वाटेनं येतात," त्या म्हणाल्या. "पुष्कळ लोकांना आधी शिव्या येतात. तुमच्याकडे व्याकरण आलं. घर सभ्य दिसतंय."

"पण मग आकडे का नाही आले? वार का नाही?"

"ते मलाही सांगता येणार नाही. कुठे काय ठेवायचं हे मेंदू आपल्याला विचारत नाही."

काही आठवडे दादानं त्या सहा शब्दांवर संसार चालवला. चहा हवा तर 'लुओ', खिडकी लावायची तर 'लुएते', आणि राग आला की 'लुऊसी!' असं जोरात. नर्सला वाटायचं हे परदेशी गृहस्थ आहेत. एकीनं तर वहिनीला विचारलं, "तुमची ओळख कुठे झाली?" दादाला ते ऐकून हसू आलं. आजारपणानंतर तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

ठमीला मात्र यात हसण्यासारखं काही दिसेना. दवाखान्याच्या व्हरांड्यात ती एकदा आईवर फुटली. मी तिथेच बाकावर होते.

"बाबांना माझं नाव घेता येत नाही, आई. मी समोर उभी राहते, ते माझ्याकडे बघतात आणि 'लुओमेन' म्हणतात! इतक्या वर्षांचं सगळं गेलं आणि तुझा गृहपाठ तेवढा राहिला?"

पोर निघून गेल्यावर वहिनी मला म्हणाली, "खरंय तिचं. मी त्यांच्या डोक्यात माझी घोकंपट्टी कोंबली. तिचं नाव बाहेर पडलं असेल त्यानं."

"वेडी आहेस का? डोकं म्हणजे काय पत्र्याची पेटी आहे, एक ठेवलं की दुसरं काढावं लागायला?" मी म्हटलं. पण तिच्या मनातून ते गेलं नाही. पुढचे काही दिवस तिनं दादाजवळ ग्रीकचा उच्चारही केला नाही. दादा 'लुओ' म्हणून तिच्याकडे बघायचा, ती पुढचा शब्द म्हणेल म्हणून वाट बघायचा, आणि ती उशी नीट करायची.

त्याच दिवसांत सर भेटायला आले. दादानं घासलेला चष्मा डोळ्यांवर होता. ते खुर्ची ओढून बसले, कसे आहात, कसं चाललंय, असलं काही त्यांनी विचारलं नाही. दादानं आपणहून सुरुवात केली, "लुओ." सर म्हणाले, "लुएइस." दादा म्हणाला, "लुएइ." असे ते दोघं एकेक शब्द देत-घेत राहिले, पत्ते खेळावेत तसे. निघताना सर दारात वहिनीला म्हणाले, "मी जन्मभर ही भाषा शिकवली. गरज म्हणून ती वापरणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. तुम्ही गप्प का होतात मला कळलं नाही."

"त्या शब्दांचा त्यांना काय उपयोग, सर?"

"शब्दांचा नसेल. पण पाय टेकायला पायरी तर आहे. वर काय चढवायचं ते तुम्ही ठरवा."

वहिनी त्यावर विचार करत बसली असणार. कारण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तिनं चहाचा कप दादापुढे धरला होता, पण लांब, आणि दुसऱ्या हातानं दांडीवर तोच चाकाचा ठेका धरला होता. चाल तीच, शब्द आपले: "पितो, पितोस, पितो, पितो, पिता, पितात." मी पितो, तू पितोस, तो पितो. लहानपणापासून आपण हे बोलतो, पण असं ओळीनं कधी कोण म्हणतं? दादा ऐकत होता. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याचे ओठ हलले. कितीतरी दिवस ती पिणं, देणं, येणं, जाणं चालवत राहिली आणि चहा गार होत राहिला. वाचेच्या बाई शेजारी बसून ऐकायच्या, मधूनच "हळू, अजून हळू" म्हणायच्या.

मग एका सकाळी कप पुढे येताच दादा म्हणाला, "पितो."

वहिनीनं कप त्याच्या हातात दिला आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तो चहा त्यानं एकट्यानं, डाव्या हातानं, सगळा प्यायला.

त्यानंतर शब्द येऊ लागले, पण आले ते असे एकेका ओळीतून ओढून. बराच काळ तो सगळ्यांना आपलंच रूप लावायचा. मला जायला सांगायचं असलं तरी "जातो" म्हणायचा, आणि मग मी निघाले नाही की चिडायचा.

ठमी हे सगळं लांबून बघत होती. एका सुट्टीच्या दिवशी ती खुर्ची घेऊन बापासमोर बसली. "बाबा, आईचं क्रियापदांचं चाललंय. मी नाम घेते," ती म्हणाली आणि दांडीवर ठेका धरून तिनं स्वतःलाच विभक्त्यांतून फिरवलं: "ठमी. ठमीला. ठमीनं. ठमीहून. ठमीचा. ठमीत." शेवटचं संबोधन तिनं म्हटलं नाही. तिथे थांबली आणि फक्त ठेका देत राहिली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथे थांबून. वहिनी दारात उभी होती, आत यायचं धाडस तिला होत नव्हतं. कितव्या फेरीला कुणास ठाऊक, दादाच्या कपाळावर आठी पडली, मान पुढे आली.

"ठमे," तो म्हणाला. आणि लगेच, कुणी पुन्हा हिरावून नेईल अशा घाईनं, "ठमे, ठमे, ठमे."

"ओ, बाबा," ठमी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं आईला हात केला, आत ये म्हणून.

दादा घरी आला. काठी घेऊन चालू लागला. उजव्या हातात काच धरण्याइतकी ताकद पुन्हा आली नाही, त्यामुळे चाक बंद झालं. काचा आता बाहेरून घासून येतात. पहिल्या दिवशी तो आत जाऊन बंद चाकाजवळ बराच वेळ बसला. मग बाहेर आला आणि काउंटरमागच्या खुर्चीत बसला. लहान मुलांना डाव्या हातानं फ्रेम घालून दाखवायचं काम त्यानं घेतलं. त्याच्यासारखीच अडखळत बोलणारी मुलं त्याच्याशी खूप बोलतात.

विद्यापीठ पुन्हा सुरू होत होतं तेव्हा वहिनी विषयच काढेना. आम्हीही काढला नाही. एका दुपारी दादानं तिला हाक मारली, भिंतीवरच्या घड्याळाकडे काठी दाखवली, मग दाराकडे.

"कुठे जायचंय तुम्हाला?" वहिनी म्हणाली.

त्यानं नाही म्हणून मान हलवली. शब्द शोधला, चुकीचा आला, तो टाकून दिला, दुसरा शोधला. "जातेस," तो म्हणाला. तिनं न कळल्यासारखं केलं तेव्हा काठी आपटून पुन्हा, "तू. जातेस."

"गेलीच पाहिजेस तू आता," मी म्हटलं. "एवढ्या कष्टानं स्त्रीलिंग सापडलंय त्याला."

ती गेली. लंबू आणि ती नखांत माती असलेली मुलगी पुढच्या वर्गात गेली होती, धर्मगुरू होणारा मुलगा मधूनच प्रेमात पडून लग्न करून मोकळा झाला होता. वहिनी नव्या मुलांबरोबर बसली. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक छोटा प्रबंध लिहायचा असतो. तिला विषय सुचेना तेव्हा सरांनी कपाटातून प्लॅस्टरचा एक चपटा तुकडा काढून दिला. जुन्या रोमन काळातले डोळ्यांचे वैद्य मलमाच्या वड्या करत आणि त्या ओल्या असताना त्यांच्यावर दगडी शिक्का उठवत: वैद्याचं नाव, औषधाचं नाव, कोणत्या दुखण्यावर. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरलेली असतात. हा तुकडा म्हणजे तशाच एका शिक्क्याची हुबेहूब नक्कल होती. राजे आणि लढाया वहिनीला कधीच लक्षात राहिल्या नाहीत, पण डोळ्यांतून पाणी येणाऱ्या कोणातरी माणसासाठी कुणीतरी मलम वळत बसला होता, हे तिला फार जवळचं वाटलं. वर्षभर आमच्या दुकानाच्या आरशात ती उलटी लॅटिन अक्षरं धरून बसायची. गिऱ्हाइकं चेहरा बघायला आरसा मागायची, तर ती म्हणायची, "जरा थांबा, वैद्यबुवांचं होऊ दे."

पदवी तिला मिळाली, दुसऱ्या वर्गात. सरांच्या मते प्रबंध चांगला होता, पण शेवट घाईत उरकला होता. वहिनीलाही ते मान्य होतं. त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि तो विभाग इतिहासाच्या विभागात विलीन झाला. ती खोली आता कशासाठी वापरतात कुणास ठाऊक. दर आठवड्याला दुकान बंद असतं त्या दिवशी सर दुकानात येतात आणि वहिनीबरोबर एखादं पान वाचतात. ठमी दुसऱ्या गावी औषधाच्या कारखान्यात लागली आहे. तिथून फोन करते तेव्हा आधी बापाशी बोलते, आणि त्याला जितका वेळ लागेल तितका वेळ थांबते.

गेल्या वर्षी वहिनीला कळलं की असा एक खरा शिक्का ठमीच्या गावच्या संग्रहालयात आहे. आम्ही तिघं बसनं गेलो; ठमी कामावर होती, ती संध्याकाळी बसपाशी भेटणार होती. दगडी पायऱ्या, मोठी थंड दालनं, प्रत्येक दारात झोपाळलेला एक पहारेकरी. माझे गुडघे आणि दादाची काठी, त्यामुळे वेळ लागला. शेवटी एका कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत तो सापडला. हिरवट दगडाचा तुकडा, काडेपेटीपेक्षाही लहान. वहिनी वाकून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते, उजवीकडून डावीकडे वाचत होती.

दादानं पुढे होऊन बघितलं. पेटीच्या काचेला नाक टेकलं त्याचं.

"एवढासाच?" तो म्हणाला.

"एवढासाच हो," वहिनी म्हणाली.

"वर्षभर... याच्यापायी... आरसा नाही मिळाला."

पहारेकरी दचकून जागा झाला, कारण वहिनी मोठ्यांदा हसली. परतीच्या बसला अजून वेळ होता, म्हणून आम्ही बाकीचं संग्रहालयही पाहून घेतलं. दादाला जुन्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती सगळ्यात जास्त आवडल्या. तिथून तो हलेचना.